‘वाजवीत असे’ आणि ‘वाजवितो’

मराठी व्याकरणात रीतिभूतकाळ नावाचा एक काळ आहे. ‘मी बासरी वाजवीत असे’ हे त्याचे उदाहरण. शाळेत असताना हा काळ मला अगदी निरुपद्रवी वाटला होता. परीक्षेत त्यावर एखाद्या गुणाचा प्रश्न येई आणि तो गुण मिळून जाई. परंतु वयाची छत्तिशी गाठल्यावर आणि त्यांतील बारा वर्षे दिल्लीत केंद्र सरकारच्या कारकुनीत घालविल्यावर माझ्या ध्यानात आले आहे, की माणसाच्या आयुष्याचा पुष्कळसा भाग त्याला न विचारता या काळात सरकत असतो. मी पोहत असे, मी चित्रे काढीत असे, मी कविता करीत असे, ही वाक्ये आपण हसत हसत उच्चारतो. ‘करतो’चे ‘करीत असे’ नेमके कोणत्या दिवशी झाले, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. आपल्या बदलीचा हुकूम निघतो, त्यावर तारीख असते, जावक क्रमांक असतो. या बदलीचा हुकूम कधीच निघत नाही.

आपणांपैकी जे नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहतात, त्यांना या गोष्टीची साक्ष शोधण्यासाठी दूर जावयास नको. क्वार्टरातील कपाटाच्या डोक्यावर पाहावे. एखाद्याकडे भाता फाटलेली पेटी असते, एखाद्याकडे शाई उडालेला तबला, एखाद्याकडे आतल्या आत वाळून खडे झालेल्या रंगांच्या नळ्या, तर एखाद्याकडे पहिली चाळीस पाने भरलेली कवितांची वही. हे सामान दर बदलीला ट्रकमध्ये चढते, नव्या गावी उतरते आणि न उघडताच पुन्हा कपाटावर जाते. ते टाकून देण्याचे धैर्य होत नाही आणि उघडण्याचेही होत नाही. सरकारी कचेरीत काम संपलेल्या फायलींचे तीन वर्ग करतात. काही कायम ठेवून त्यांची सूक्ष्मचित्रे घ्यावयाची, काही नुसत्या कायम ठेवावयाच्या आणि काही ठरावीक मुदतीपुरत्याच ठेवावयाच्या. तिसऱ्या वर्गातील फायलींची मुदत भरली, की कोणीतरी त्या पाहून निकालात काढतो. कपाटावरच्या सामानाची मात्र ना मुदत ठरते, ना ते कोणी पाहून निकालात काढतो.

अशा सोडून दिलेल्या छंदाचे आपण काही देणे लागतो काय? ज्याने आपणांस नाव मिळणार नाही आणि ज्यावाचून जगाचे काही अडलेले नाही, त्याच्याकडे परत जाणे हे कर्तव्य आहे, चैन आहे, की नुसता भाबडेपणा? आणि जावयाचेच, तर रोजच्या दहा मिनिटांच्या चोरट्या पावलांनी जाणे शोभते काय? माझ्यापुरते तरी या प्रश्नांचे उत्तर मला द्यावे लागले. ते देण्याची पाळी कशी आली, ते प्रथम सांगतो.

माझे गाव मिरज. सतारी आणि तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांची कबर येथील मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे गाणेबजावणे होत असते. अशा गावातील एखाद्या मुलाने काहीतरी वाजवावयास शिकावे यात विशेष असे काहीच नाही. आठवीपासून पदवी हाती पडेपर्यंत आठ वर्षे मी बासरी शिकलो. आमचे गुरुजी पोस्टात नोकरीला होते. दिवसभर टपालाची उस्तवार करून ते संध्याकाळी घरी येत, हातपाय धुऊन चटईवर बसत आणि आम्हां चार-पाच मुलांना शिकवीत. फी विचारली तर रागावत. मी असामान्य शिष्य नव्हतो, हे त्यांना आणि मला सारखेच ठाऊक होते. पण माझा षड्ज बरा लागे, आणि बासरीत षड्ज बरा लागणे ही अगदीच क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पुढे पुण्यात स्पर्धा-परीक्षांची तयारी, मग नेमणूक, मग दिल्ली. पहिल्या वर्षी तिघांत एक खोली होती. त्यांतील एकजण रात्रपाळी करून दिवसा झोपत असे, दुसरा पुढच्या परीक्षेचा अभ्यास करीत असे. तेथे बासरी वाजविणे शक्य नव्हते. नंतर लग्न झाले, क्वार्टर मिळाले, मुलगी झाली. बासरी वाजविणे आता शक्य होते. पण तोपर्यंत वाजविण्याविषयीची माझी कल्पना फार थोर झाली होती. रियाझ करावयाचा तर पहाटे उठून किमान दोन तास केला पाहिजे. उगाच पाच मिनिटे फुंकर मारीत बसणे हा वाद्याचा अपमान आहे, असे मी स्वतःस बजावीत असे. दोन तास मिळत नव्हते, म्हणून मी वाद्याचा मान राखण्यासाठी त्याला अजिबात हात लावला नाही. दिल्लीच्या कोरड्या हवेत बांबू टिकत नाही, अशीही एक सबब मजजवळ तयार असे. बासरीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे पन्नालाल घोष १९५६ साली आकाशवाणीच्या नोकरीनिमित्त याच दिल्लीत आले आणि एप्रिल १९६० मध्ये येथेच निवर्तले, हे मला माहीत होते. पण आपल्या सबबीस अडचणीत आणणारी माहिती मनुष्य सहसा आठवीत नाही.

या अकरा वर्षांत एक गोष्ट मात्र मी चुकविली नाही. दर गुरुपौर्णिमेला गुरुजींना दूरध्वनी करीत असे. प्रकृतीची विचारपूस होई, मिरजेच्या पावसाची आणि दिल्लीच्या उन्हाची चौकशी होई आणि शेवटी गुरुजी ठरल्याप्रमाणे विचारीत, “वाजवतोस ना रे?” मी म्हणे, “हो गुरुजी, थोडंफार.”

हे खोटे होते. प्रारंभी मला ते खोटे वाटतच नसे. वृद्ध माणसाला बरे वाटावे म्हणून काढलेले ते दोन शब्द होते; त्यांत कोणाचे नुकसान नव्हते आणि माझा फायदाही नव्हता. व्यवहारात अशी शेकडो वाक्ये आपण बोलतो आणि ती तेथल्या तेथे विरून जातात. परंतु जे असत्य दरवर्षी ठरावीक तिथीला नव्याने उच्चारावे लागते, ते विरत नाही. ते साठत जाते. पुढे पुढे मला त्या प्रश्नाची आधीपासून धास्ती वाटू लागली. एका वर्षी तर मी दिवसभर टाळाटाळ करून रात्री दहानंतर दूरध्वनी केला. गुरुजी झोपले असतील आणि निरोप ठेवून सुटता येईल, अशी माझी आशा होती. ते जागे होते. त्या रात्री प्रथमच मला उमगले, की मी बासरी सोडली एवढेच झालेले नाही. तिच्यामुळे जोडले गेलेले एक माणूसही मी हळूहळू सोडीत चाललो आहे. नुकसान कोणाचे नाही, हे माझे म्हणणे चुकीचे होते. नुकसान त्या वर्षातून एकदाच्या भेटीचे होत होते. तिच्यात आता दोघांचा आवाज होता, पण खरेपण एकाचेच होते.

तरीसुद्धा केवळ या जाणिवेने मी काही केले असते, असे नाही. जाणीव होणे आणि कृती होणे यांत किती वर्षे जाऊ शकतात, हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसास सांगावयास नको. गेल्या मे महिन्यात आम्हांला मोठे क्वार्टर मिळाले आणि सामानाची बांधाबांध सुरू झाली. कपाटावरची कापडी पिशवी खाली उतरली. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने तीतून बासरी काढली, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली, तीतून काही दिसत नाही असे पाहून निराश झाली आणि मग विचारले, “बाबा, ही तुझी आहे? तुला येते?”

मी “हो” म्हणणार होतो. तो शब्द ओठांवर आलाही होता. पण मिरजेहून विचारणारा माणूस पुरावा मागू शकत नाही आणि समोर उभे असलेले मूल मागू शकते, हा फरक त्याच क्षणी माझ्या लक्षात आला. मी काही बोललो नाही, तरी तिने मागितलाच. “मग वाजव ना.” मी बासरी ओठांना लावली. नुसती सूं सूं अशी हवा निघाली. पाहतो तो फुंकरीच्या छिद्राखालून बांबू चांगला दोन इंच तडकला होता. मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि अत्यंत समजूतदारपणे म्हटले, “मोडली आहे ना, म्हणून.” मला सुटण्याची वाट तिने आपण होऊन दाखविली होती. ती वाट मी घेतली असती, तर हा निबंध लिहिण्याचे कारण पडले नसते.

बासरीकडे परतण्याचे माझे पहिले पाऊल म्हणूनच संगीताचे नव्हते. ते डिंक आणि दोरा यांचे होते. तडकलेल्या भेगेत चिकटद्रव्य भरून त्यावर दोरा घट्ट, वेढ्याला वेढा लागेल असा गुंडाळावा लागतो. एखादा वेढा सैल पडला तर तो सारा उलगडून पुन्हा सुरू करावे लागते. मला त्यासाठी तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी आतून मोहरीचे तेल फिरविले. पाचव्या दिवशी मी बासरी कपाटावर न ठेवता जेवणाच्या टेबलाशेजारच्या खुंटीवर अडकविली. हे दुसरे पाऊल मला आता पहिल्याहून महत्त्वाचे वाटते. जी वस्तू काढण्यासाठी स्टूल आणावे लागते, ती काढावयाची की नाही याचा रोज नव्याने निर्णय करावा लागतो. आणि रोज नव्याने निर्णय करण्याइतका मी खंबीर नाही. हाताशी असलेल्या वस्तूला निर्णय लागत नाही.

तिसरे पाऊल म्हणजे कचेरीतून आल्यावर दहा मिनिटे केवळ षड्ज. बासरीची वरची तीन छिद्रे झाकली, खालची तीन मोकळी ठेवली, की षड्ज येतो. त्यात बोटांचे कौशल्य काहीच नाही. सारे काम ओठांचे आणि श्वासाचे. येथे मला एक विलक्षण अनुभव आला. बोटांना सारे आठवत होते. एका सुट्टीच्या दिवशी मोह होऊन मी अलंकार वाजवून पाहिले, तर बोटे आपोआप उठत-बसत होती. अकरा वर्षांचा खंड जणू त्यांच्या खिजगणतीतच नव्हता. पण ओठ सर्व विसरले होते. फुंकरीची बारीक, स्थिर धार त्यांना धरता येईना. परिणामी बोटे राग वाजवीत होती आणि बासरीतून नुसता वारा बाहेर पडत होता. आपण पूर्वी कोण होतो याची आठवण आणि आपण आज काय करू शकतो हे सामर्थ्य, या दोन गोष्टी माणसात निरनिराळ्या ठिकाणी राहतात, हे मला त्या दिवशी माझ्याच तोंडाने शिकविले. सोडलेल्या कलेकडे परतणाऱ्याचा खरा शत्रू बहुधा विस्मरण हा नसतोच. जे अर्धे स्मरते ते उरलेल्या अर्ध्याला लाजवीत राहते, आणि त्या लाजेनेच बरेचजण वाद्य पुन्हा पिशवीत घालतात. अगदी नवशिक्याचे यापेक्षा बरे असते. त्याला आपल्या बेसूरपणाची तुलना कशाशी करावी हेच ठाऊक नसते.

आता मूळ प्रश्न. या दहा मिनिटांना अर्थ काय? सामान्यतः याचे उत्तर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीने दिले जाते. मी कारकून असल्यामुळे हिशेब करून पाहिला. रोजची दहा मिनिटे, एकही दिवस न चुकता, म्हणजे वर्षाची ३६५० मिनिटे. सुमारे ६१ तास. जो विद्यार्थी रोज सहा तास रियाझ करतो, तो एवढे काम दहा दिवसांत उरकतो. म्हणजे माझ्या वर्षभराच्या निष्ठेची किंमत त्याच्या दहा दिवसांएवढी. निवृत्तीच्या वयापर्यंत मी हे चोवीस वर्षे चालविले, तर त्याच्या आठ महिन्यांएवढी माझी मजल जाईल. हे तळे साचणार नाही. वरून उन्हाळा आहेच. तेव्हा छोट्या पावलांचे समर्थन जर त्यांच्या बेरजेवर अवलंबून असेल, तर ते समर्थन कोसळते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. म्हणीचा गोडवा हा हिशेबातील तूट भरून काढू शकत नाही.

परंतु बेरीज हे मोजण्याचे एकच माप आहे काय? गुरुजी मला दरवर्षी जे विचारीत होते, त्याचे शब्द पुन्हा पाहा. ‘किती वाजवतोस?’ असे त्यांनी कधी विचारले नाही. ‘कसे वाजवतोस?’ असेही नाही. ‘वाजवतोस ना?’ एवढेच त्यांना हवे होते. या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आणि खरे होण्यास चोवीस वर्षे लागत नाहीत, आठ महिनेही लागत नाहीत. एक संध्याकाळ पुरते. मात्र तिच्यामागून दुसरी यावी लागते. ‘वाजवीत असे’ आणि ‘वाजवितो’ यांमधील अंतर कौशल्याने तुटत नाही. जो काल वाजविले आणि उद्या वाजविणार आहे त्याच्यापुरते ते आपोआप तुटलेले असते. मला वाटते, छोट्या पावलाचे नैतिक मोल येथे आहे. ते आपणांस फार पुढे नेत नाही, पण आपल्याविषयी आपण जे बोलतो ते खरे करते. मनुष्याने स्वतःविषयी खरे बोलावे हे जर कर्तव्य असेल, तर त्याला दोनच मार्ग मोकळे आहेत. ‘मी सोडले’ असे स्वच्छ सांगावे, अथवा रोज थोडे करावे. या दोहोंच्या मधली जी जागा आहे, जिथे आपण सोडलेलेही नसते आणि करीतही नसतो, तेथे मी अकरा वर्षे राहिलो. ती राहण्याजोगी जागा नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो भारदस्त आहे. आपल्याकडे कलेला साधना म्हणतात. साधनेत सर्वस्व द्यावे लागते. उरल्यासुरल्या वेळात ती होत नसते. तेव्हा दहा मिनिटांचा हा उद्योग साधनेची विटंबना नव्हे काय? या आक्षेपाच्या आश्रयाला मी स्वतःच इतकी वर्षे होतो, म्हणून त्याचे अंतरंग मला माहीत आहे. ‘करीन तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही’ या वाक्यात आदर दिसतो, पण पुष्कळदा त्याच्या पोटात अहंकार असतो. बेसूर वाजविताना मला मीच ऐकू नये, अशी ती व्यवस्था असते. न वाजविणाऱ्याची बासरी कधी बेसूर होत नाही. पतंजलींनी अभ्यासाचे लक्षण सांगताना तीन गोष्टी मागितल्या आहेत : तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड नसावा आणि तो आदराने केलेला असावा. अशा अभ्यासाचा पाया पक्का होतो, असे ते म्हणतात. दिवसाला किती घटका, याविषयी तेथे अक्षर नाही. दीर्घकाळाची हमी मी आज देऊ शकत नाही. पण अखंडता आणि आदर या दोन गोष्टी पोस्टातून दमून आलेल्या माणसालाही साधतात, हे मी मिरजेत डोळ्यांनी पाहिले होते. ते पाहूनही मी दोन तासांचा हट्ट धरून बसलो, याला भक्ती म्हणता येणार नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न फार मोठ्या भूमिकेवरून विचारला आहे. जो श्रद्धेने निघाला पण मध्येच ढळला, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा होतो काय, अशी त्याची भीती आहे. तसे होत नाही, पूर्वी केलेला अभ्यासच अशा माणसाला पुन्हा आपल्याकडे ओढून नेतो, असे आश्वासन त्याला मिळते. ते योगाविषयी आहे. माझ्या बासरीला त्याचा आधार घेणे म्हणजे थोडा उद्धटपणाच. तरी बोटांनी जे अकरा वर्षे जपून ठेवले होते, ते पाहिल्यावर मला त्या आश्वासनाचा अर्थ पुस्तकात समजला नव्हता इतका समजला. मात्र त्याचा एक धोकाही दिसला. ‘काही नष्ट होत नाही’ हे ऐकून मनुष्य आणखी अकरा वर्षे स्वस्थ बसू शकतो. ओढ पूर्वाभ्यासाची असेल. पण खुंटीवरून बासरी काढण्याचे काम तिने माझ्यासाठी केले नाही.

परतण्यात मान जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी एका थोर बासरीवादकाचे उदाहरण पाहावे. पंडित हरिप्रसाद चौरसिया हे अलाहाबादच्या एका पहिलवानाचे चिरंजीव. सरकारी कचेरीत लघुलेखकाचे काम करीत आणि तेथून १९५७ साली ते कटकच्या आकाशवाणी केंद्रावर रुजू झाले. पुढे मुंबईत त्यांचे नाव झाले. नाव झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेले आणि आजवरचे सारे बाजूस ठेवून पहिल्यापासून शिकण्याची आपली तयारी आहे, हे पटविण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली, असे सांगतात. उजवीकडे धरण्याची सवय मोडून डावीकडे बासरी धरणे म्हणजे काय, हे ज्याने बासरी हातात घेतली आहे त्यालाच कळेल. बोटांनी जमविलेली सारी संपत्ती एका रात्रीत परकी होते. त्यांनी मिळविलेले स्वखुशीने खाली ठेवले, मी मिळविलेले आळसाने गमावले. या दोहोंची बरोबरी होऊ शकत नाही. पण खाली उतरल्यावर उभे राहावयाची जागा दोघांनाही एकच मिळते, आणि ती षड्जाची आहे. एवढ्या मोठ्या माणसाला जी जागा लाजिरवाणी वाटली नाही, तेथे एका अप्पर डिव्हिजन क्लार्काने संकोचून उभे राहावे हे हास्यास्पद आहे.

आता उलट बाजूचा आक्षेप. दहा मिनिटे चालतात, तर पाच का नकोत? पाच चालतात, तर एक का नको? या उताराला शेवट कोठे? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की वीणेसारखे वाद्य वाजवूनच मनुष्य वादक होतो. पण तो लगेच हेही सांगतो, की त्याच वाजविण्यातून चांगले वादक तयार होतात आणि वाईटही. म्हणजे रोज करणे एवढ्याने काम भागत नाही. माझ्या मते उताराला शेवट आहे. तो घड्याळात नाही, कानात आहे. जेवढ्या वेळात मी एक तरी स्वर नीट ऐकला, तो हलला तर हलला हे मान्य केले आणि पुढचा श्वास त्या मानाने सुधारून घेतला, तेवढा वेळ पुरेसा. दूरदर्शनच्या बातम्यांकडे कान देऊन अर्धा तास फुंकर मारली, तर तो वेळ अपुरा. हजेरीपटावर सही करणे आणि काम करणे यांतील फरक आपणां नोकरदारांना कोणी समजावून द्यावा लागू नये.

आणि घरच्यांचे काय? संध्याकाळची ती दहा मिनिटे आकाशातून पडलेली नाहीत. ती कोणाच्या तरी वाट्याची आहेत. पहिल्याच आठवड्यात पत्नीने हे माझ्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, “अहो, वाजवा खुशाल, पण ती दहा मिनिटं मला सांगून घ्या. कुकरपाशी कोण उभं राहायचं ते तरी ठरेल.” यात तक्रार नव्हती, हिशेब होता; आणि तो मला पटला. छंदासाठी वेळ चोरला, तर तो छंद पुन्हा लपविण्याची वस्तू होतो, आणि लपवालपवीतूनच तर मी बाहेर पडू पाहत होतो. आम्ही वेळ ठरवून घेतली. तिनेही आपला एक अर्धा तास त्याच वेळी मागून घेतला. ती कॉलेजात असताना रांगोळीच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवीत असे, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळले. तिचाही एक रीतिभूतकाळ आमच्या कपाटावर इतकी वर्षे होता. मी त्याविषयी कधी विचारले नव्हते.

जुलैमध्ये गुरुपौर्णिमा आली. मी सकाळीच दूरध्वनी केला. प्रकृती, पाऊस, ऊन हे सर्व झाले. गुरुजी नेहमीचा प्रश्न विचारतील त्याआधीच मी म्हणालो, “गुरुजी, मी आजवर आपल्याला खोटं सांगत आलो. दिल्लीला आल्यापासून बासरीला हात लावला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू केली. रोज दहा मिनिटं, फक्त षड्ज.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. रागाची माझी तयारी होती. क्षमा केली असती तर तीही मी घेतली असती. गुरुजींनी विचारले, “षड्ज लागतो का?”

“लागतो, पण हलतो.”

“श्वासाच्या सुरुवातीला हलतो, की शेवटाला?”

मला सांगता येईना. इतक्या दिवसांत ते मी ऐकलेच नव्हते.

“ते बघ,” ते म्हणाले. “शेवटाला हलत असेल तर श्वास पुरा संपवू नकोस, थोडा शिल्लक असताना सोड. आणि मंद्रात इतक्यात उतरू नकोस.” मग त्यांनी मुलीचे शिक्षण कोठपर्यंत आले ते विचारले आणि दूरध्वनी ठेवला.

त्यांना हे आधीपासून ठाऊक होते काय, ते मी विचारले नाही. परंतु दूरध्वनी ठेवल्यावर माझ्या ध्यानात आले, की अकरा वर्षांत प्रथमच त्यांनी मला ‘वाजवतोस ना रे?’ असे विचारले नाही. त्याऐवजी त्यांनी मला धडा दिला. जो वाजवतो त्यालाच धडा देता येतो.

आता दिवाळी होऊन गेली आहे. षड्ज श्वासाच्या शेवटाला हलत असे. तो आता कमी हलतो. निषादापर्यंत आणि धैवतापर्यंत मी खाली उतरलो आहे. मंद्र पंचमासाठी सहाही छिद्रे एकाच वेळी बंद व्हावी लागतात. त्यांतील एकही किंचित उघडे राहिले तर स्वर येतच नाही, आणि माझी अनामिका अजून पुरती पोहोचत नाही. मुलगी प्रारंभी जवळ येऊन बसत असे, आता ती आपला गृहपाठ करीत राहते. कुकरच्या शिटीसारखा हा एक घरातलाच आवाज झाला आहे, आणि मला ते आवडते. मी कधी चार लोकांसमोर वाजवीन असे वाटत नाही, तशी इच्छाही नाही. एवढेच, की क्रियापद भूतकाळातून वर्तमानकाळात आले आहे. त्याच्यामागे ‘उत्तम’ हे क्रियाविशेषण कधी लागेल की नाही, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अद्याप अनामिकेकडे प्रलंबित आहे.